उपचारांच्या आधीची तपासणी : कोल्हापुरातील एका वंध्यत्व केंद्राचा अनुभव

कोल्हापुरातील ज्या केंद्रात माझी आणि माझ्या यजमानांची वंध्यत्वाची तपासणी झाली, त्या केंद्राविषयी हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण पुढे त्याच्या काही उणिवाही स्पष्ट लिहायच्या आहेत आणि त्याच्या आधी पुण्यातील एका मोठ्या केंद्रात काय घडले तेही सांगायचे आहे. परीक्षण फक्त तपासणीचे आहे. आमचे उपचार अजून सुरू झालेले नाहीत, त्यामुळे औषधे, इंजेक्शने किंवा यशाचे प्रमाण यांबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण मूल का राहत नाही हे शोधणे ही स्वतंत्र सेवा आहे, तिचे पैसे वेगळे मोजावे लागतात, ती चांगली दिली जाते तशी वाईटही दिली जाते, आणि तिची पारख कशी करायची हे जाणाऱ्याला आधी माहीत असायला हवे असे मला गेल्या दीड वर्षात फार वाटले.

आम्ही कराडचे. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि यजमान जवळच्या साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट आहेत. लग्न २०२१ मध्ये झाले. पहिली दोन वर्षे आम्ही ठरवून थांबलो आणि जून २०२३ पासून मुलाचा विचार सुरू केला, तेव्हा मी ३२ वर्षांची होते. हा हिशेब एवढ्यासाठी लिहिते की घरची माणसे आणि शेजारीपाजारी लग्नाच्या तारखेपासून मोजतात, डॉक्टर मात्र संततिनियमनाची साधने बंद केल्याच्या महिन्यापासून मोजतात. हळदीकुंकवाला कोणी काही विचारले की माझा जीव कासावीस व्हायचा आणि आपण फार मागे पडलो असे वाटायचे. प्रत्यक्षात त्या वेळी आमचे जेमतेम पाच महिने झाले होते.

डॉक्टरांकडे कधी जावे याचा नियम साधा आहे. स्त्रीचे वय ३५ पेक्षा कमी असेल आणि नियमित संबंध असूनही वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. वय ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर सहा महिन्यांनंतर जावे, आणि चाळिशी ओलांडली असेल तर वाट पाहत बसू नये. वर्षभराची मुदत मनाने ठरवलेली नाही. शंभर जोडप्यांपैकी साधारण ८५ जोडप्यांना पहिल्या वर्षात काही न करता गर्भ राहतो, म्हणून त्याआधी तपासण्या केल्यास निरोगी माणसांवरच खर्च आणि काळजी लादली जाते. मात्र काही जणांनी हे वर्षही थांबू नये. ज्यांची पाळी ३५ दिवसांहून लांबते किंवा महिनोन्‌महिने येत नाही, पाळीत अंथरुण धरावे लागेल इतक्या वेदना होतात, ज्यांना पोटाचा किंवा जननेंद्रियांचा क्षयरोग होऊन गेला आहे, कर्करोगासाठी केमोथेरपी झाली आहे किंवा बीज गर्भाशयात आणणाऱ्या नळ्यांवर, अंडाशयावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी सुरुवातीलाच दाखवावे. पुरुषांच्या बाबतीत लहानपणी अंडकोष खाली न उतरणे, वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोषाला सूज येणे आणि व्यायामशाळेत कोणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने, ही तशीच कारणे आहेत. या इंजेक्शनांबद्दल तरुणांमध्ये मोठा गैरसमज आहे. पुरुषत्व वाढवण्यासाठी ती घेतली जातात आणि शुक्राणू तयार होण्याचे काम त्यांनीच थांबते.

आम्ही सोळा महिन्यांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुण्याला गेलो. केंद्र चकचकीत होते, चहा आला, पाण्याच्या बाटल्या आल्या. माझे रक्त घेतले, सोनोग्राफी झाली आणि दोन दिवसांनी अहवाल घ्यायला बोलावले. डॉक्टरांच्या आधी एका समुपदेशक बाईंनी आम्हाला समोर बसवले. माझा एएमएच, म्हणजे अंडाशयात किती बीजे उरली आहेत याचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, १.१ आला होता. त्या आकड्याभोवती त्यांनी लाल पेनाने गोल केला आणि म्हणाल्या, “मॅडम, तुमची अंडी संपत आली आहेत, आता नैसर्गिक मार्गाची वाट पाहू नका.” त्यानंतर एक लाख ऐंशी हजारांच्या आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, पॅकेजचा कागद पुढे आला आणि त्याच दिवशी नोंदणी केल्यास किती सवलत मिळेल हेही सांगितले गेले. यजमान माझ्या शेजारी बसले होते. त्यांची एकही तपासणी झाली नव्हती, कोणी त्यांना साधा एक प्रश्नही विचारला नव्हता, आणि माझ्या नळ्या उघड्या आहेत की नाहीत हेही कोणी पाहिले नव्हते. डॉक्टर भेटले ते पाच मिनिटे, पॅकेजबद्दल काही शंका आहे का एवढे विचारण्यापुरते.

घरी परतताना खंबाटकी घाट उतरेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्यानंतरचे नऊ महिने आम्ही कुठेच गेलो नाही. पैशांचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठे कारण म्हणजे दोष माझ्यात आहे आणि तो आता दुरुस्त होणार नाही असे मी मनाशी धरून बसले होते. त्या केंद्राविषयी माझी तक्रार पैशांपेक्षा या नऊ महिन्यांची आहे. तिथे आम्हाला आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, उपचाराची किंमत तेवढी मिळाली.

कोल्हापूरच्या केंद्राबद्दल माझ्या एका सहकारी शिक्षिकेने सांगितले. भेटीची वेळ घेण्यासाठी फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “दोघेही येणार ना? एकट्या येणार असाल तर पुढची तारीख घ्या.” मला ते आधी थोडे कडक वाटले. आता वाटते की या केंद्राची सगळी गुणवत्ता त्या एका वाक्यात होती. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने असते, आणि वीर्यतपासणी ही सगळ्या तपासण्यांत सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी त्रासाची. असे असताना पहिली सुई बाईलाच टोचली जाते, ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. एखादे केंद्र चांगले आहे की नाही हे ओळखायचे असेल, तर पहिल्या भेटीत ते नवऱ्याला काय विचारतात तेवढे पाहावे.

पहिली भेट पन्नास मिनिटांची होती आणि त्यातली चाळीस मिनिटे डॉक्टर फक्त प्रश्न विचारत होते. पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस टिकते, मधल्या काळात अंगावरून लालसर जाते का, घरात कोणाला क्षयरोग झाला होता का, आईची पाळी कोणत्या वयात गेली, थायरॉइड आहे का, मिश्री लावता का, तंबाखू खाता का. यजमानांना कामाचे स्वरूप, रात्रपाळ्या, उष्णतेजवळ किती वेळ उभे राहावे लागते, लहानपणीची आजारपणे, सुरू असलेली औषधे आणि आधीच्या शस्त्रक्रिया विचारल्या. मग संबंध किती वेळा येतो हा प्रश्न आला. हा प्रश्न त्यांनी इतक्या सरळपणे, जणू ताप किती दिवस आहे असे विचारावे तसा विचारला, की लाजायला अवसरच राहिला नाही.

त्या प्रश्नामुळे आमचा अर्धा हिशेब बदलला. साखर कारखान्याचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. त्या काळात यजमानांच्या पाळ्या बदलत राहतात. ते सकाळी घरी येतात तेव्हा मी कॉलेजला निघालेली असते. डॉक्टरांनी टेबलावरचे कॅलेंडर पुढे ओढले, प्रत्येक महिन्यातील बीज फुटण्याच्या, म्हणजे ते अंडाशयातून बाहेर पडण्याच्या, आधीचे पाच दिवस आणि तो दिवस असे सहा दिवस पेन्सिलीने रंगवले आणि आम्हाला आठवेल तसे सांगायला लावले. दोन हंगामांतील मिळून किमान सात महिने असे निघाले, की त्या सहा दिवसांत आमची गाठ पडलेलीच नव्हती. नियमित संबंध याचा अर्थ आठवड्यातून दोन-तीनदा असा धरला जातो आणि वर्षाची मुदत तशा महिन्यांसाठी आहे, हे आम्हाला पुण्यात कोणी सांगितले नव्हते. तरीही उरलेले महिने आणि माझे जवळ आलेले ३५ वे वर्ष पाहता तपासणी करायलाच हवी असे त्यांनी स्पष्ट सांगितले. एएमएच पुन्हा करायला त्यांनी नकार दिला. जुना अहवाल बघून तो बाजूला ठेवला आणि त्याचा अर्थ नंतर सगळे समोर आल्यावर सांगेन म्हणाले.

वीर्यतपासणीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण पुरुष याच टप्प्यावर अडतात. आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा वीर्यपात झालेला नसावा, आणि नमुना घरी घेतल्यास तो तासाभराच्या आत, अंगाच्या उबेत ठेवून प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. कराडहून कोल्हापूर सत्तर किलोमीटर आहे, महामार्ग मोकळा असला तरी तासात पोचण्याची खात्री नाही, त्यामुळे नमुना तिथेच द्यावा लागला. यजमान दोन दिवस अस्वस्थ होते. बाहेर रांग असेल, कोणी नावाने हाक मारील, ही त्यांची भीती होती. प्रत्यक्षात खोली मागच्या व्हरांड्यात होती. दाराला आतून धड लागणारी कडी होती, पलंगावर धुतलेली चादर होती, हात धुवायला बेसिन आणि कोरडा टॉवेल होता, आणि भिंतीत एक छोटी दुहेरी खिडकी होती. तिच्यात डबी ठेवून बटण दाबले की पलीकडचा तंत्रज्ञ ती उचलतो आणि कोणाला कोणाचे तोंड पाहावे लागत नाही. घाई नाही अशी सूचना मराठीत लिहून चिकटवलेली होती. ज्याने ती खोली आखली, त्याने तिथे येणाऱ्या माणसाच्या मनाचा विचार केला होता. मी या केंद्राला जे गुण देते त्यातले बरेचसे या खोलीचे आहेत.

अहवालात प्रति मिली ९० लाख शुक्राणू आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत खालची संदर्भ-मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. हालचाल करणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्के होते, मर्यादा ४२ ची. आकाराने निर्दोष ३ टक्के होते, मर्यादा ४ ची. हा शेवटचा आकडा पाहून बहुतेक लोक हादरतात, कारण चार टक्के निर्दोष असणे पुरेसे कसे, हे पटकन पटत नाही. डॉक्टरांनी समजावले की वर्षभरात ज्यांना मूल राहिले अशा पुरुषांची मोजणी करून त्यातील सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची रेषा म्हणून हे आकडे ठरले आहेत. रेषेच्या खाली म्हणजे नापास आणि वर म्हणजे पास असा त्यांचा अर्थ नाही. शिवाय शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, मध्ये एखादा ताप आला तरी आकडा खाली येतो, म्हणून एका अहवालावर निष्कर्ष काढायचा नाही. दुसरा नमुना तीन महिन्यांनी द्यायचा ठरला. यजमान केबिनमधून बाहेर आले आणि जिन्यात थांबून मला म्हणाले, “एवढे दिवस तू एकटीच हे वागवत होतीस.”

त्या तीन महिन्यांत माझ्या तपासण्या झाल्या. पाळीच्या दुसऱ्या दिवशी योनीमार्गातून सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतील, ज्यांत बीजे वाढतात त्या, छोट्या पुटिका मोजल्या. पाळी सुरू असताना ही तपासणी करून घेणे संकोचाचे वाटते, पण ती दुखत नाही, आणि त्या खोलीतील सिस्टर प्रत्येक वेळी आता काय करणार आहे हे आधी सांगत होत्या. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांसाठी सकाळी रक्त घेतले. बीज फुटते की नाही हे पाहण्यासाठी पुढची पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासले. बहुतेक ठिकाणी कागदावर ‘एकविसावा दिवस’ असे छापलेले असते, पण ते २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. माझी पाळी ३२ दिवसांची, म्हणून मला पंचविसाव्या दिवशी बोलावले. रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का हेही पाहिले, कारण नसेल तर लस घेऊन महिनाभर गर्भ टाळावा लागतो. हिमोग्लोबिनचा प्रकार तपासणारी चाचणी दोघांचीही झाली. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांचे वाहक आपल्याकडे आहेत, विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल विशेष आढळतो, आणि नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर ते गर्भ राहण्याच्या आधी कळणे फार मोलाचे असते. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी त्याच दिवशी सुरू केली.

आता एचएसजीबद्दल. हा नळ्या उघड्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे आहे. गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळी घालून औषध सोडतात आणि ते दोन्ही नळ्यांतून पलीकडे पोटात सांडते का ते पाहतात. पाळी थांबल्यानंतर आणि बीज फुटण्याच्या आधी, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसांत हे करतात. मी आधी याविषयी इतके भयानक काही ऐकले होते की आदल्या रात्री झोप आली नाही. केंद्राने तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यायला सांगितली होती आणि ती मी घेतली, हे फार बरे झाले. टेबल लोखंडी आणि थंड होते. नळी बसवताना पाळीतल्यासारखी कळ आली आणि औषध सोडल्यावर ती दोन-तीन मिनिटे चांगलीच वाढली. सहन न होण्यासारखी मात्र नव्हती. मान वळवली की पडदा दिसत होता. आधी एक उलटा त्रिकोण भरला, मग उजव्या कोपऱ्यातून केसासारखी बारीक पांढरी रेघ निघाली, वळणे घेत गेली आणि तिच्या टोकाशी औषध धुरासारखे पसरले. डाव्या बाजूला काहीच निघाले नाही. माझ्या घशाला कोरड पडली. डॉक्टर म्हणाले, “थांबू या, नळी आकसली असेल, खांदे सैल सोडा आणि श्वास घ्या.” सिस्टरनी माझा हात धरला. मिनिटभराने त्यांनी अगदी हळू पुन्हा औषध सोडले आणि डावीकडचीही रेघ उमटली. घाई करणाऱ्या माणसाने तिथेच डावी नळी बंद असा अहवाल लिहिला असता, आणि तो कागद आम्ही पुढे वर्षानुवर्षे खरा मानला असता. नंतर दोन दिवस थोडे अंगावरून गेले, एवढाच त्रास झाला.

क्षयरोगाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या देशात नळ्या बंद होण्याचे ते मोठे कारण आहे आणि पुष्कळदा खोकला-ताप काहीच नसतो. म्हणून काही ठिकाणी प्रत्येक बाईच्या गर्भाशयातील ऊतीची, क्षयाच्या जंतूचा अंश शोधणारी, पीसीआर चाचणी करतात आणि ती सकारात्मक आली की सहा महिन्यांची औषधे सुरू होतात. आमच्या डॉक्टरांनी माझा इतिहास, सोनोग्राफी आणि एचएसजी पाहून ती चाचणी करायची गरज नाही असे सांगितले, आणि केवळ त्या एका चाचणीच्या आधारे औषधे सुरू करणे योग्य नसते हेही समजावले. गरज नसलेली तपासणी नको म्हणणारा डॉक्टर मला तरी प्रथमच भेटला.

दुसऱ्या वीर्यतपासणीत शुक्राणू १ कोटी १० लाख आले, म्हणजे सुधारणा थोडी, पण मर्यादेच्या खालीच. त्याच इमारतीतील मूत्रविकारतज्ज्ञांनी यजमानांना उभे करून हाताने तपासले आणि दोन मिनिटांत डाव्या बाजूच्या अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या असल्याचे सांगितले. याला व्हेरिकोसील म्हणतात. दर शंभर पुरुषांत साधारण पंधरा जणांत ते असते आणि अनेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही, पण मूल न होणाऱ्या पुरुषांत त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आहे. या तपासणीला यंत्र लागत नाही, सुई लागत नाही. पुण्यात ही दोन मिनिटे कोणी दिली असती, तर आमचे पूर्ण वर्ष वाचले असते. याचा मला आजही फार त्रास होतो.

मग अहवालांची बैठक झाली आणि तेव्हा डॉक्टरांनी बाजूला ठेवलेला एएमएच काढला. त्यांचे म्हणणे असे, की एएमएच उरलेल्या बीजांच्या संख्येचा अंदाज देतो, त्यांच्या प्रतीचा नाही. आयव्हीएफमध्ये इंजेक्शने दिल्यावर किती बीजे मिळतील हे सांगायला तो उपयोगी आहे. दर महिन्याला एकच बीज फुटते, ते माझे फुटत आहे आणि नळ्या उघड्या आहेत, त्यामुळे या आकड्यावरून नैसर्गिक गर्भधारणा होणार नाही असे म्हणता येत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातही, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या स्त्रियांमध्ये, एएमएच कमी असल्यामुळे गर्भ राहण्याची शक्यता घटलेली आढळली नव्हती. माझा आकडा वयाच्या मानाने खालच्या बाजूचा आहे, म्हणून फार वेळ दवडू नका, पण घाबरूही नका, असे ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी तीन वाटा कागदावर लिहून दिल्या: व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया करून तीन ते सहा महिने थांबणे, वीर्य प्रक्रिया करून गर्भाशयात सोडण्याचे म्हणजे आययूआयचे तीन प्रयत्न, किंवा थेट आयव्हीएफ. प्रत्येक वाटेत काय मिळू शकते आणि माझ्या वयाचे किती महिने खर्च होतील, हे दोन्ही समोरासमोर लिहिले होते. निर्णय घरी जाऊन घ्या म्हणाले.

आता उणिवा. पहिल्या भेटीचे पन्नास मिनिटे मिळाले, पण त्यासाठी आम्ही साडेतीन तास बसलो होतो, आणि पुढच्या प्रत्येक भेटीला किमान दोन तास गेले. वेळ देऊनही ती न पाळणे हे कराडहून, सांगलीहून, बेळगावहून येणाऱ्या माणसांवर अन्याय करणारे आहे. बसण्याची जागा प्रसूती विभागाशी सामायिक आहे. समोर आठव्या महिन्याच्या बायका, भिंतीवर गुबगुबीत बाळांची छायाचित्रे, आणि मध्ये आपण हातात फाइल धरून बसायचे. स्वागतकक्षातील मुलीने एकदा सगळ्यांसमोर “वंध्यत्वाची जुनी केस कोण आहे?” असे विचारले. नमुन्याच्या खोलीसाठी जेवढा विचार झाला आहे, तेवढा या कक्षासाठी झालेला नाही. संमतिपत्रे केवळ इंग्रजीत आहेत. मी ती वाचू शकले, पण माझ्या शेजारी बसलेल्या गारगोटीकडच्या बाईंनी न वाचताच सही केली, आणि त्यांना ते वाचून दाखवायला कोणी आले नाही. समुपदेशक फक्त शनिवारी असतात. हे मी डॉक्टरांना तोंडी सांगितले आहे आणि संमतिपत्रांचे मराठी भाषांतर करून देण्याची तयारीही दाखवली आहे.

खर्च लपवण्यासारखा नाही. पहिल्या भेटीपासून अहवालांच्या बैठकीपर्यंत सुमारे साडेबारा हजार रुपये झाले. त्यात सर्वांत मोठा आकडा एचएसजीचा, साडेचार हजारांचा होता, आणि वीर्यतपासणी प्रत्येकी सातशेची होती. प्रत्येक गोष्टीची पावती मिळाली आणि सगळे मूळ अहवाल व एक्स-रेच्या फिल्म न मागता आमच्या हाती दिल्या. पुण्यातील केंद्राने माझा अहवाल द्यायला तीन फोन करायला लावले होते, म्हणून याचे महत्त्व मला वाटते. आरोग्य विम्यातून यातले काही मिळाले नाही. बहुतेक पॉलिसींमध्ये वंध्यत्व हे ठरावीक अपवादांच्या यादीत असते, तेव्हा विम्याच्या भरवशावर कोणी निघू नये. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात चौकशी करावी, प्राथमिक तपासण्या तिथे होऊ शकतात. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात तर २०२३ पासून आयव्हीएफचीही मोफत सोय सुरू झाली आहे. आपल्या राज्यातही या शास्त्राची सुरुवात सार्वजनिक रुग्णालयातच झाली होती. मुंबईत १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूने केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला, तो महापालिकेच्या रुग्णालयात. ती सोय आज प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी होती.

केंद्रात शिरताच भिंतीवर २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखालील नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले आहे. कुठेही गेलात तरी ते आधी पाहावे. या कायद्याप्रमाणे आयव्हीएफसारखे उपचार स्त्रीला वयाच्या २१ ते ५० आणि पुरुषाला २१ ते ५५ या मर्यादेत घेता येतात. मुलगाच होईल असे सूचित करणारे कोणीही भेटले, तर तिथून उठावे. तो गुन्हा आहे.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण त्या साडेतीन तासांचा आणि स्वागतकक्षातील हाकेचा कापला आहे. जाणाऱ्यांनी दोघांनी जावे, मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात, आधीचे सगळे अहवाल, अगदी लग्नाआधीचेसुद्धा, सोबत ठेवावेत, आणि सकाळची पहिली वेळ मागावी, कारण दुपारनंतर डॉक्टर शस्त्रक्रियेला गेले की सगळे पुढे ढकलले जाते. सोमवारी केंद्र बंद असते. आमचा शस्त्रक्रियेचा निर्णय झाला आहे. हंगाम सुरू असल्याने यजमानांना मार्चआधी रजा मिळत नव्हती, पण त्यांनी चीफ केमिस्टना कारण स्पष्ट सांगितले आणि जानेवारीतले आठ दिवस मंजूर करून घेतले.